छत्तीस अडेल खणांची व्यवस्था

मी, लिफ्टच्या कारखान्यातला माप-तपासनीस, वय अठ्ठावन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. आणणाऱ्याने आणून पाहावा. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन "अगदी किरकोळ" असे तीनदा म्हणाले, म्हणून घाई करतो आहे.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि "मी सांगत होते" असे म्हणण्याचा कायमचा हक्क पत्नीकडे जाईल. शेवटचा ती आजही वापरते.

२. माझा व्हर्निअर, म्हणजे केसभर फरकही मोजणारी मापपट्टी, मुलीला द्यावा. तो शून्यावर नीट येतो की नाही, हे घेताना तपासावे. देणारी तिची आई असली तरी.

३. आता मुख्य मिळकत. राक्षस, योद्धे आणि उडते मासे छापलेली खेळाची दोन हजार एकशे शहाण्णव कार्डे, आणि ती ठेवण्यासाठी मी अकरा वर्षांत केलेले छत्तीस खणांचे कपाट. कपाटाच्या आराखड्यानुसार कुठलाही खण कुठल्याही जागी बसायला हवा होता. पण मग कुणी खणांची अदलाबदल केली तर कळणार कसे? म्हणून प्रत्येक खण मी मुद्दाम केसभर वेगळा केला. तो फक्त आपल्याच जागी बसतो, तोही समजूत घातल्यावर. हे मी कुणालाही सांगितले नाही. पत्नी म्हणते, "अहो, एक खण उघडायला दोन माणसं लागतात, असं कपाट कुणाच्या घरात असतं?"

कार्डांबद्दल मुलगी म्हणाली, "बाबा, मी फोटो काढून ठेवीन, मग देऊन टाकू." सबब तिला नाही. पत्नी ती शाळेत वाटेल. सबब तिलाही नाही. योग्य माणूस मिळेपर्यंत कपाट कुलूपबंद राहील.

४. पत्नीचा धाकटा भाऊ, व्यवसाय सुतार, यास काहीही मिळू नये. कारण असे: सहा वर्षांपूर्वी एकोणीस नंबरचा खण मला विसाच्या जागी अलगद सरकताना आढळला. आतली एकसष्ट कार्डे भिंगाखाली पाहिली. एकही गेले नव्हते, एकही बदललेले नव्हते. काहीच चोरीला गेले नाही, ही बाब मला सर्वांत संशयास्पद वाटली. जेवताना विचारले.

"एकोणीसला हात लावलास?"

"लावला, भावोजी. ताईचं नख तुटलं त्यात. जरा घासून दिला."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? अडकत होता."

त्यानंतर आमचे संभाषण "बसा" आणि "येतो" एवढ्यावर आहे.

५. कलम चार रद्द. तपशील पुढीलप्रमाणे.

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून मेहुण्याला मी मुद्दाम साक्षीदार नेमले. पुढेमागे त्याने काही कागद काढलाच, तर ही सही आडवी यावी. तो आज सकाळी आला. वकील पाने लावत होते, तेवढ्यात त्याने सत्तावीस नंबर अर्धा ओढला, कडेवरून अंगठा फिरवला आणि तसाच परत ढकलला.

"भावोजी, हे एकमेकांच्या जागी बसू नयेत असेच केलेत ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. एकोणीसच्या वेळी मला वाटलं, चुकलाय. मग बाकीचे हाताला लागले. छत्तीसच्या छत्तीस, दर वेळी तेवढंच? चुकून एवढं नीट होत नाही. घासायला नको होता मी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही बोलत कुठं होतात?"

इतक्या वर्षांत हे ओळखणारा तो पहिला. माझ्याकडून मिळकत काढून घ्यावी म्हणूनच तो हे बोलला असेल, ही शक्यता मी विचारात घेतली आहे. तरीही कार्डांसह कपाट त्यास द्यावे. अट एकच: एकोणीस आहे तसाच ठेवावा, उरलेल्या पस्तिसांना रंधा लावू नये.

स्थळ: राहते घर, कपाटासमोर. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: <s>मेहुणा, सुतार</s> कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही)

टीप: खोडलेल्या नावाशेजारी मेहुण्याची छोटी सही घेणार होतो. वकील म्हणाले, नको, उगाच तीच साक्ष धरली जाईल. त्याने पेन हातात घेतलेच होते. मी ते काढून घेतले आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत त्याला दोन्ही हात खिशात ठेवायला लावले.