तुमच्या तिथीचं पान

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला माफ करावं. मी नाही करत. रोह्यात तुम्ही नावाजलेले मास्तर. तुमच्याच शाळेत मी दिवसभर तोंडातून शब्द न काढता बसायची आणि घराच्या पायरीवर पाय ठेवला की मला रडू फुटायचं. दप्तर फेकायची, वेणी ओरबाडून सोडायची. का, ते मला सांगता यायचं नाही. "शाळेत गुणाची आणि घरात नाटकं?" असं म्हणून तुम्ही मला गणवेशातच ओटीवर उभं करायचात. गप्प होईपर्यंत खायला नाही. शिकवणीची मुलं येतायत, माझ्याकडे बघतायत, तुम्ही त्यांना गमती सांगून हसवताय, आणि आई आत पोह्यांची बशी घेऊन उभी आहे. ती बशी बाहेर आणायची तिची हिंमत नव्हती. शेवटी थकून मी गप्प व्हायची, आणि तुम्हाला वाटायचं, औषध लागू पडलं.

आता माझी मुलगी तिसरीत आहे. तिला ऑटिझम आहे. इथे पेणला शाळेतल्या बाई मला म्हणतात, "किती शांत हो तुमची मुलगी!" घंटा, बाकांची खरखर, इतरांच्या डब्यांचे वास, सगळं ती दाबून धरते आणि घरी आली की ते बाहेर पडतं. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी मुलीसाठी नाही, ओटीवरच्या माझ्यासाठी रडले. म्हणून आमच्याकडे नियम एकच, ती आली की कुणी बोलायचं नाही. बूट उडतात, गणवेश निघतो, ती जेवणाच्या टेबलाखाली शिरते आणि मी तिच्यापुढे ताटली सरकवते. पोटात काही गेलं की हळूहळू माणसात येते. खायला उशीर झाला तर कपाळ फरशीवर आपटून घेते.

यंदा भावाच्या घराचं काम निघालं, म्हणून पितृपक्षातली तुमची तिथी माझ्याकडे झाली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं तुमच्या आवडीचं. गच्चीच्या कठड्यावर तुमचं पान ठेवलं आणि कावळा काही येईना. तो शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. भाऊ हात जोडून वचनं द्यायला लागला. "अण्णा, घर पुरं करतो." कावळा नाही. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "नातीची काळजी असेल, तर तिला वळण लावायचं माझ्याकडे लागलं." तेवढ्यात खाली शाळेची रिक्षा आली आणि भटजींसकट आम्ही सगळे खाली उतरलो.

मुलगी टेबलाखाली किंचाळत होती, कपाळ आपटत होती. स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून खांब गावची आत्या पाट टाकून बसलेली. "कावळा शिवला नाय अजून, गो. पोरीला भायेर उभी कर, आपसूक गप होईल." भाऊ म्हणाला, "थोडा वेळ थांबव ना, ताई. अण्णांनी तुला नाय का थांबवलं? काय बिघडलं तुझं?"

काय बिघडलं! अख्ख्या घरात वाढलेलं पान एकच होतं, तुमचं. मी गच्चीवर गेले, तुमच्या पानातले वडे उचलून आणले आणि टेबलाखाली सरकवले. आत्या ओरडली, "अगो, बापाच्या तोंडचा घास काढलास!"

"व्हय," मी म्हटलं. "काढला."

मुलीने वडे खाल्ले. आवाज थांबला. मग टेबलाखालून तिचा हात आला, अजून हवा म्हणून. वर भटजींनी दुसरं पान मांडून बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी दर्भाचा कावळा करून तो पानाला लावला. कधी नव्हे ते तुम्ही उपाशी राहिलात, तेही माझ्या दारात. मला बरं वाटलं. अजून वाटतं.

निघताना भाऊ म्हणाला, "अण्णा रुसले, आलेच नाहीत." मी मान हलवली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. मी वर गेले तेव्हा कावळा आला होता. पानाशेजारी बसून मान वाकवत होता. त्याने चोच लावली असती, तर तिला वळण लावायचं ते वचन तुम्हाला पोचलं असतं. मी जोरात टाळी वाजवली आणि तुम्हाला हाकलून लावलं.