गुड फ्रायडेची घंटा

नंदाखाल

प्रिय फ्लॉईड,

तुझा चित्रपट पाहिला. जेनिफरने मला बोळिंजला तिच्या घरी नेलं, लॅपटॉप लावून दिला आणि भांड्यांचं निमित्त करून आत निघून गेली. तुझी बहीण मोठी हुशार. पपांना जाऊन वर्ष होईल, त्या दिवशीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, तो चित्रपट तुला चर्चच्या मैदानावर गावाला दाखवायचा आहे आणि त्याला माझा होकार हवा आहे, हेही तिनेच सांगितलं. होकाराचं नंतर बघू. आधी चित्रपटाबद्दल बोलू दे, कारण आपल्या घरात त्या बाबतीत खोटं बोलायची पद्धत नाही.

वसईला सिनेमा बघून एसटीत बसलं की मी लगेच सुरू व्हायचे. पपा मात्र पापडी गाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचे आणि मग एकदम निकाल द्यायचे. जुने लोक रडणारा माणूस पाठमोरा दाखवायचे, बाकीचं आपल्यावर सोडायचे, हे त्यांना फार आवडायचं. आताच्या चित्रपटांवर त्यांचा राग होता तो याच्यासाठीच. माणूस मरायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागतं म्हणायचे. मी भांडायचे, कारण मला गाणी आवडतात आणि थोडं रडायलाही आवडतं.

तुझा पहिला अर्धा भाग त्यांना आवडला असता. पपांचं काम करणारा तो नट केळीची पानं छाटून कोयता मांडीला पुसतो, ते अगदी पपाच. तिथे मी रडले. नंतर तुझा ड्रोन वर चढला. बाग वरून हिरवीगार दिसते रे, पण पाणी कुठे तुंबलंय ते वरून कळत नाही.

आणि मग घंटा. पपा गेले गुड फ्रायडेला. गुरुवारच्या मिस्सापासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत आपल्याकडे घंटा वाजत नाही, लाकडी खटखटा वाजतो. लहानपणी चर्चमध्ये अल्तारावर, वेदीपाशी सेवा करायचास तेव्हा तो तूच फिरवायचास. पपांसाठी मयताची घंटा झालीच नाही. तुझा सेबेस्टियन काका दारोदार सांगत फिरला, आणि शनिवारी, त्या दिवशी मिस्सा होत नाही म्हणून, नुसत्या दफनाच्या प्रार्थनेत आम्ही त्यांना मातीत ठेवलं. तू सोमवारी पोचलास. तुझ्या चित्रपटात मात्र घंटा घुमते आणि सगळं गाव हातातलं काम टाकून थांबतं. दिसतं छान. पण मैदानावर बसलेलं शेंबडं पोरही ओळखेल की हे ज्याने केलं तो त्या दिवशी इथे नव्हता.

त्याच्या आधी तुझ्या चित्रपटातला मुलगा दारातून धावत येतो, बाप त्याचा हात धरून भलंमोठं भाषण करतो आणि डोळे मिटतो. पपा असं काही बोलले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर आवाज बंद करून कुठलासा सिनेमा लावला होता. हिरो कुणासाठी तरी धावत होता. पपा म्हणाले, हा बघ पोचतो वेळेवर, बंद कर ते. मी बंद केला. नंतर त्यांनी फक्त पाणी मागितलं. हे मी जेनिफरलाही सांगितलेलं नाही. ते तुझ्यावर रागावले नव्हते, शूटिंग सोडून येणं सोपं नसतं असंच म्हणायचे. मी रागावले होते. अजून आहे.

नाही म्हणायचं असतं तर फोन पुरला असता. पण फोनवर हे मला बोलता आलं नसतं. तो प्रसंग संपल्यावर मी जेनिफरला हाक मारली आणि पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. ती लावत राहिली. तो मुलगा चपला न काढताच खाटेशी बसतो आणि पपांचा हात हातात घेतो. लिहिलाय वाईट, आहे धडधडीत खोटा, आणि तेवढ्यापुरता तू त्यांना भेटतोस. गावाला दाखव, माझा होकार आहे. फक्त घंटा काढ, आणि तो प्रसंगही काढ. त्या जागी तू आला नाहीस, तेच दाखव. पण कापलेला तुकडा टाकून देऊ नकोस. तो मला हवा आहे. जेनिफरकडे पाठवू नकोस, तू स्वतः आणून दे.

तुझीच, रागावलेली,
आई