काळी पावडर

३ मार्च, मंगळवार
दोष माझ्यात आहे. लिहून टाकलं, म्हणजे उद्या माघार घेता येणार नाही.

मूल नाही म्हणून सात वर्षं हिच्याच तपासण्या. हिच्या सुया, हिच्या गोळ्या. गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?" नव्हताच. कोणी मागितला नव्हता आणि मी आपणहून कशाला देतोय. आज आला. शुक्रजंतू फार कमी. आहेत तेही मरगळलेले.

"काम काय करता?" बॅटरीच्या सेलच्या कारखान्यात, म्हटलं. ही पॅकिंगला, मी मिक्सिंगला. काळी पावडर चाळायची, ड्रममध्ये घोटायची. मँगनीज डायऑक्साइड. बाईंचं पेन थांबलं.

"शरीराला मँगनीज कणभर लागतं. तुम्ही अकरा वर्षं छातीत भरताय. त्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण लांब व्हा त्यापासून. सहा महिन्यांनी परत बघू."

परतताना बसस्टॉपवर हिने माझ्या कानामागचा काळा डाग रुमालाने पुसला.

४ मार्च
आईला सांगायचं होतं. उद्यावर ढकललं.

७ मार्च, शनिवार
सांगितलं. आई भाजी निवडत होती. "हिच्यात काही नाही, आई. माझ्यात आहे."

"बायकोला पाठीशी घालतोयस."

रिपोर्ट पुढे ठेवला. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिली. मग उठून बाहेर गेली. ही कपडे वाळत घालत होती. आई तिच्या हातात एकेक चिमटा देत राहिली. सात वर्षं हिला जे काय काय बोलली होती, त्याचं ओझं चेहऱ्यावर दिसत होतं.

१० मार्च
साहेबांकडे बदली मागितली. "पावडर काय आज आली का? मला तीन मुलं आहेत," म्हणाले. साहेब बसतात काचेच्या केबिनमध्ये, दार लावून. हे तोंडावर म्हणायला हवं होतं.

१२ मार्च
मिक्सिंगमध्ये आम्ही आठ. जेवणाच्या सुट्टीत विचारलंच — इथे लागल्यापासून कोणाला किती मुलं झाली? सगळ्यांची मिळून एक. आमच्यातला लंबू डबा बंद करून उठला. "आमची मर्दानगी मोजायला निघालास का?"

१३ मार्च
कोणी बोलत नाही माझ्याशी. नको तर नको.

१९ मार्च, गुरुवार
सुटल्यावर नळावर हात धूत होतो. तीनदा साबण लावला तरी पाणी काळंच. लंबू शेजारी येऊन उभा. नळाकडे बघत म्हणाला, "त्या बाईंचा पत्ता दे. बायकोला कळू देऊ नकोस."

दिला. आणखी चौघांनी तरी मागायला हवा — एकट्या लंबूवर भागणार नाही. उद्यापासून एकेकाला गाठायचं.

२ एप्रिल
पाच जणांनी तपासून घेतलं. चौघांचं कमी. पाचव्याचं ठीक, पण तो लागून चारच महिने झालेत. रिपोर्ट हातोहात फिरले. टिंगल कोणी केली नाही.

रविवारी लंबूच्या घरी बसून कंपनीला अर्ज लिहायचं ठरलं.

५ एप्रिल, रविवार
अर्ज झाला. 'या पावडरीमुळे पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होत असल्याचा आम्हाला दाट संशय आहे.' हे वाक्य तीनदा खोडून लिहिलं. धूळ ओढणारे पंखे बसवा, धड मास्क द्या, नाहीतर बदली करा. आठ सह्या. पहिली लंबूची — त्यानेच हट्ट धरला.

९ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. "सही मागे घेतलीस तर तुला एकट्याला पॅकिंगला घेतो." नको म्हणालो.

१७ एप्रिल, शुक्रवार
झालं! आठही जण पॅकिंगला, सोमवारपासून. लंबूने पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. पंख्यांचं मात्र कोणी नाव काढत नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना सांगायला गेलो. खूश झाल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या जागी कोण येणार?" माहीत नव्हतं. "विचारा. दिवस गेलेली बाई तर तिथे नकोच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे मँगनीज पोटातल्या पिल्लाच्या मेंदूपर्यंत पोचलेलं दिसलंय."

खरं तर मी आपल्याच आनंदात होतो. विचारलं नाही कोणाला.

२० एप्रिल, सोमवार
मिक्सिंगची नवी यादी गेटवर लागलीय. आठही पॅकिंगच्या बायका. तिसरं नाव हिचं. साहेब म्हणाले, "अर्जात तुम्हीच लिहिलंत ना, पुरुषांना त्रास होतो म्हणून?" आत कोणी गेलं नाही — ना त्या आठजणी, ना आम्ही आठजण. गेटबाहेर फुटपाथवर बसलोय. नवा अर्ज ही लिहितेय.