सातव्या रकान्यातलं शून्य

४ मार्च

आज तिने नेमकं सातव्या रकान्यावर बोट ठेवलं!

ती म्हणजे भूमापन खात्यातली नकाशेवाली. उपग्रहाने काढलेली चित्रं बघून कुठल्या जमिनीवर काय उगवतंय ते सांगते. आम्ही परिवहनवाले तिला पाठीमागे ‘घार’ म्हणतो. समोर म्हणायची कुणाची छाती नाही.

बैठक जैवइंधनाच्या नियमाची होती. बसच्या डिझेलमध्ये आज दहा टक्के तेलबियांचं इंधन मिसळतात, ते वीस करायचंय. अट एकच — मिसळायच्या इंधनाने डिझेलपेक्षा निदान पन्नास टक्के कार्बन वाचला पाहिजे. आमच्या तक्त्यात बावन्न वाचतो. तक्ता माझा.

“साहेब, इथे ‘अप्रत्यक्ष जमीन’ असा रकाना आहे. त्यात शून्य कसं?”

“समितीचा निर्णय आहे,” मी म्हणालो.

साफ खोटं! आणि किती सहज! पुढचा विषय निघाला, चहा आला. मी दोन बिस्किटंसुद्धा खाल्ली.

५ मार्च

निदान इथे तरी खरं लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.

चार वर्षांपूर्वी त्या रकान्यावरून समितीत तज्ज्ञ भांडत होते. एक म्हणे बारा, दुसरा म्हणे पंचावन्न. तीन बैठका झाल्या आणि मुसळ काही केरातून बाहेर येईना. तक्ता शुक्रवारी वर पाठवायचा होता. एक रकाना मोकळा राहिला तरी आमचा तक्ता अडून बसतो, खालची बेरीजच देत नाही. म्हणून विभागात जुनी रीत आहे — आकडा नसेल तर शून्य घाला, शेजारी तसं लिहा, पुढे चला. मी शून्य घातलं. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं, ‘तात्पुरतं. समितीचा आकडा आल्यावर बदलणे.’

छपाईची चौकट मात्र सातव्या रकान्यापर्यंतच आखलेली होती. लाल ओळ चौकटीबाहेर. कागदावर ती उमटलीच नाही. तक्ता वर गेला, मंजूर झाला, समिती विसर्जित झाली.

माझ्या लक्षात आलं वर्षभराने. तोवर शहरातल्या प्रत्येक बसच्या पाठीवर ‘जैवइंधन: ५२ टक्के कमी प्रदूषण’ चिकटलं होतं आणि मला बढती मिळाली होती. तेव्हा बोललो असतो तर ती नुसती चूक ठरली असती. मी मूग गिळून गप्प बसलो. आता तिला चूक म्हणता येत नाही. दुसरा शब्द आहे, तो लिहवत नाही.

७ मार्च

बाबांना डोळे दाखवायला नेलं. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाले, पण बसथांबा सुटलेला नाही. बस आली की तिच्या पाठीवरच्या आकड्याकडे बोट दाखवून अनोळखी माणसाला सांगतात, “आमच्या मुलाने काढलाय तो!”

आज एका बाईंना सांगितलं. हातात भाजीची पिशवी, पाय सुजलेले, बसायला जागा नव्हती. तरी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “किती चांगलं काम करता हो.”

मी म्हणालो, “धन्यवाद.”

धन्यवाद! जीभ झडली कशी नाही.

९ मार्च

घार आज माझ्या खोलीतच येऊन बसली. दोन चित्रं टेबलावर ठेवली. पहिल्यात डोंगरापलीकडची दलदल, काळपट हिरवी. दुसऱ्यात तीच जागा, सरळ रेषांत चर खणलेले, मध्ये तेलबियांच्या ओळी.

मी मुद्दाम वेड घेऊन पेडगावला गेलो. “पण बाई, आपलं इंधन तर इथल्या मैदानातल्या शेतांचं. तिथून एक बी येत नाही.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“घरी पाहुणा आला की पलंग त्याला देता ना? तुम्ही सोफ्यावर. सोफ्यावर झोपणारा मुलगा जमिनीवर. जमिनीवर झोपणारा कुत्रा बाहेर पावसात. पाहुण्याने काही कुत्र्याला हाकललं नाही. पण कुत्रा भिजला की नाही?”

मैदानातलं तेल आधी लोकांच्या स्वयंपाकघरात जायचं. ते आता बसच्या टाकीत जातं. लोकांना खायला तेल लागतंच, मग ते कुणीतरी दुसरीकडे पिकवतो — दलदल सुकवून. त्या दलदलीत शेकडो वर्षांचा पाला कुजून साठलेला. पाणी काढलं की तो वाळतो आणि सगळा कार्बन हवेत. हे सारं मला पाठ आहे! मीच त्या रकान्याची व्याख्या लिहिली होती.

“माझ्या हिशोबाने त्या रकान्यात त्रेपन्न येतात,” ती म्हणाली. “तुमच्या समितीने शून्य कशावरून धरलं, तेवढा कागद दाखवा. मी गप्प बसेन.”

मी म्हटलं, शोधतो. जो कागद नाहीच, तो शोधतो म्हणालो.

१० मार्च

दार लावून तक्ता उघडला. डिझेलचा कार्बन चौऱ्याण्णव, आपल्या इंधनाचा पंचेचाळीस. सातव्या रकान्यात बारा घातले — बेरीज सत्तावन्न, बचत एकोणचाळीस टक्के. अटीत नापास. तिचे त्रेपन्न घातले — इंधन डिझेलपेक्षा चार टक्के वाईट. पास व्हायला शून्यच लागतं. फार तर दोन.

बदल जतन करू का, असं यंत्राने विचारलं. नाही म्हटलं.

१२ मार्च

संचालक मॅडमनी बोलावलं. २६ तारखेला जाहीर सुनावणी आहे. त्याआधी नकाशेवालीच्या आक्षेपाला लेखी उत्तर हवंय.

“तुम्ही यातले जाणकार. दोन ओळी पुरे. तिची पद्धत प्रमाणित आहे का, एवढंच लिहा.”

प्रमाणित नाही. कशी असेल? प्रमाणित करणारी समितीच विसर्जित झालीय. दोन ओळींत खोटं एक अक्षर येणार नाही, आणि सगळंच खोटं असेल. मॅडमना हे कळतं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

१३ मार्च

लिहून दिलं. सही केली. खाली हुद्दा, बढतीनंतरचा.

१७ मार्च

तिची बदली झाली. भूमापन खात्याच्या तळघरात, जुन्या नकाशांच्या भांडारात. आदेशात लिहिलंय, ‘अप्रमाणित पद्धतीच्या आधारे अन्य खात्याच्या कामात हस्तक्षेप.’ अप्रमाणित हा शब्द माझा.

कॅन्टीनमध्ये सगळे हसत होते. “घारीला बिळात घातलं!” मीही हसलो. थोडं उशिरा हसलो, पण हसलो.

१८ मार्च

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “आठवडाभर तोंड उतरलंय तुझं. प्रेमात-बिमात पडलास की काय?” पडलो असतो तर सांगायला सोपं होतं.

२१ मार्च

तळघरात गेलो. जिन्यावर बुरशीचा वास. ती गुंडाळलेले नकाशे उलगडून, पुसून, त्यांच्यावर क्रमांक टाकत होती. दोन स्वेटर घातले होते.

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शून्य, लाल ओळ, छपाईची चौकट, तीन वर्षं. शेवटी म्हणालो, “मला माफ करा.”

तिने हातातल्या नकाशावरचा क्रमांक आधी पुरा केला.

“मी समजत होते, तुम्हाला कळत नाही. मला तुमची कीव यायची हो.” मग म्हणाली, “माझी कसली माफी मागता? मला नुसती थंडी वाजतेय. तिकडे रोज चर खणतायत. सव्वीसला या आणि हे असंच बोला.”

मी हो म्हणालो. मला वाटायचं, माझी सगळ्यात मोठी भीती म्हणजे कुणाला कळेल. तिला कळलं, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

२२ मार्च

जेवताना हिला आणि बाबांना सांगितलं. ही म्हणाली, “नोकरी गेली तर जाऊ दे. पण आधी का नाही बोललास रे? मला तरी?” मग तिने पाणी प्यायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

बाबा भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले,

“डेपोत एक वही असायची. गाडीत काही बिघाड वाटला तर गाडी बाहेर काढायच्या आधी त्या वहीत लिहायचा. लिहिला की गाडी दुरुस्तीवाल्याची. न लिहिता निघालास, तर ब्रेक तुझा, आणि समोर जो येईल तोही तुझाच.”

“हो बाबा.”

“चार वर्षं चालवतोयस की रे!”

पन्नाशीचा झालो. बापासमोर मान खाली घालून बसलो होतो.

२३ मार्च

बाबा वाचनालयात चालत गेले. बस समोर उभी होती, तरी चालत.

२५ मार्च

उद्या. तिचे नकाशे, माझा जुना तक्ता, लाल ओळीचं चित्र — सगळ्याच्या दहा प्रती काढल्या. या वेळी छपाईची चौकट तीनदा तपासली.

भीती वाटते. पण खरं सांगू? थोडा आनंदही होतोय, आणि त्याचीही लाज वाटते. दलदलीसाठी बोलतोय की स्वतःची सुटका करून घेतोय?

२६ मार्च

बोललो! दुपारीच घरी आलो, लगेच लिहितोय.

सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत इंधन उत्पादक संघाचा वकील, शेजारी मॅडम. घार शेवटच्या रांगेत, रजा टाकून आलेली. अध्यक्षांनी शपथ दिली. मला वाटलं होतं तक्ता वाचून दाखवतील आणि विचारतील, हा बरोबर आहे का? मी त्यांच्या आधीच म्हणालो, “हा तक्ता चुकीचा आहे. चूक माझी आहे आणि मला ती तीन वर्षं माहीत आहे.”

सगळं सांगितलं. तिचे त्रेपन्न फळ्यावर लिहिले आणि म्हटलं, हे वीस टक्के मिसळाल तर आपण डिझेलपेक्षा जास्त कार्बन सोडू, फक्त तो इथे दिसणार नाही.

मग वकील उठला. गोड माणूस, आवाज मधाळ.

“साहेब, तेरा मार्चला आपणच सही करून लिहिलंत की या बाईंची पद्धत अप्रमाणित आहे. ती आज प्रमाणित झाली का?”

“नाही. पण…”

“चार वर्षं आपण शून्यावर सह्या केल्यात. आज त्रेपन्न म्हणता. पुढच्या महिन्यात काय म्हणाल?” लोक हसले. “राहू द्या. एकच सांगा — चार वर्षांपूर्वी या रकान्याबद्दल समितीचं एकमत झालं होतं का?”

“नाही.”

“आजही तज्ज्ञांत एकमत आहे?”

“नाही, पण सगळ्यात कमी आकडा धरला तरी…”

“आभारी आहे.” बसलाच तो!

अध्यक्षांनी मात्र मान हलवली, माझ्या प्रती मागून घेतल्या, म्हणाले, “असं बोलायला धैर्य लागतं.” कान लाल झाले माझे.

जिन्यात मॅडम भेटल्या. “मला आधी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर?”

“तर आज तुम्ही रजेवर असतात,” म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

घार फाटकापाशी थांबली होती. मान डोलावली फक्त. मला तेवढं पुष्कळ झालं. बाबांना फोन केला. “लिहिलंस ना वहीत? झालं तर मग. ये घरी.”

आता झोपतो जरा. कित्येक महिन्यांत दुपारी झोप आली नव्हती.

२८ मार्च

कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. बरं वाटलं! वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात: ‘अधिकाऱ्याची कबुली.’ हिने कात्रण काढून ठेवलं. मी फाडायला सांगितलं. तिने ऐकलं नाही, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

२ एप्रिल

निकाल आला. वीस टक्के मंजूर. पान नऊवर लिहिलंय — ‘सातव्या रकान्याबाबत तज्ज्ञांत एकमत नसल्याचे संबंधित अधिकाऱ्याने स्वतः शपथेवर सांगितले आहे. सबब, एकमत होईपर्यंत तेथे शून्यच धरण्यात यावे.’

आजवर ते शून्य चुकून होतं. आता माझ्या साक्षीने आहे.