दारामागच्या खुणा

वैदेही,

रोजच्यापेक्षा आधीच्या बसनं करमाडच्या शाळेवर निघालेय, कारण हे तुझ्या तोंडावर सांगवेना.

कपाटाच्या दारामागच्या पेन्सिलच्या खुणा पाहिल्या. वाकून बोटं कुठवर पोचतात ते तू रोज मोजतेस. दिवाळीपासून खूण गुडघ्याखाली गेली नाही आणि जाणारही नाही. पाठीत सळ्या बसवल्यावर कंबर पूर्वीसारखी वाकणार नाही, हे डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच मला सांगितलं होतं. योगासनं सुटणार म्हटल्यावर तू तयार झाली नसतीस, म्हणून "सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखं होईल" असं मीच ठोकून दिलं.

डबा ओट्यावर ठेवलाय. हवं तर महिनाभर माझ्याशी बोलू नकोस. पेन्सिल मी पर्समध्ये घेऊन चाललेय. नवी आणू नकोस, हात जोडते.

आई