माझ्या जागेची जाहिरात

३ जून
देसाईसरांनी, आमच्या विभागप्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, नव्या सत्राचं नेमणूकपत्र. कसलं काय! "शिर्केभाई, टेक्निकल रायटिंगची जागा कायमची भरायला परवानगी आली. जाहिरातीचा मसुदा तमेच करा, तमारुं लखाण सरस." दहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर हाच विषय शिकवतोय मी. हसावं की रडावं. हो म्हटलं.

४ जून
मसुदा. पात्रता: पीएच.डी. माझी बाबांच्या आजारपणात सुटली ती सुटलीच. खाली हळूच घातलं, "किंवा हा विषय शिकवल्याचा दहा वर्षांचा अनुभव." लाज वाटली. तरी ठेवलं.

५ जून
देसाईसर वाचून हसले. "आ तो तमे ज छो ने!" हे तर तुम्हीच, म्हणे. लाल पेनाने ओळ खलास. नियम आहे, त्यांचा तरी काय दोष. पण हसायला नको होतं.

९ जून
जाहिरात आली. आई म्हणे, "आपल्याकडे सगळे गायकवाडांच्या फौजेत होते. दरवर्षी नेमणूक मागत कुणी फिरलं नाही." बायको वैशाली आतून, "आई, पुरे." मग मला, "पादरा गावच्या कारखान्यात मॅन्युअलं लिहायचं काम मिळेल ना रे?" मिळेल. पण मला शिकवायचंय. मूर्खपणा असेल, पण शिकवायचंच आहे.

१६ जून
हेतलचा फोन. करजणची, माझी जुनी विद्यार्थिनी. पीएच.डी.ला मीच ढकललेली. काय खूश! "सर, तमारा डिपार्टमेंटमां जग्या पडी छे! आपणे साथे भणावीशुं!" सोबत शिकवणार म्हणे. मी कायम नाही, हेच तिला ठाऊक नाही. विद्यार्थ्यांना मी कधी सांगितलंच नाही. अर्जाचा मसुदा मला पाठवलाय, "जोई आपशो ने, सर?" बघतो म्हटलं. झक मारली.

१७ जून
वाचला. पहिलं पान नुसते आभार नि आदर. कारखान्यातल्या कामगारांना शेजारी बसवून, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेत तिने सुरक्षेच्या सूचना नव्याने लिहिल्या, ते दुसऱ्या पानाच्या तळाशी! असाच गेला तर बाजूला पडेल. आणि जागा भरलीच नाही तर माझा करार पुढे चालू. मी नुसतं "छान आहे" कळवलं तर... इतका हलकट विचार मला सुचतो, हे आज कळलं.

१८ जून
सकाळी बसलो. आभार उडवले, कामगारांचं वर घेतलं. दोनाचं एक पान झालं. परत वाचला. मग आणखी एकदा.

उद्या शेवटची तारीख. वैशाली चहा घेऊन आली, उभ्या उभ्या वाचलं. "कोण गं बाई ही? हिला तर घेतीलच."

"माझी विद्यार्थिनी," म्हटलं. अभिमानच वाटला, खरं सांगतो.

हेतलला मेल लिहून तयार आहे. अजून पाठवलेला नाही.