हजर राहण्याची नोटीस

रशव्हिल, इंडियाना
३ ऑक्टोबर २०१३

ती. आर्डिथताईस,
धाकट्या नेल्डाचा सा. न. वि. वि.

तू तीनदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, म्हणून रागावली असशील. ताई, फोनची वायरच मी भिंतीतून काढून ठेवली आहे. घंटा वाजली की वाटतं, वसुलीवालेच. वर्लिनला सांगितलंय, लाइन बिघडली आहे.

आता खरं सांगते. नवऱ्यापासून लपवलंय हे, त्याला कळू देऊ नकोस. फुप्फुसांमुळे त्याची फाउंड्रीतली नोकरी सुटली, त्या वर्षी मी क्रेडिट कार्डावर घर चालवलं. त्याची औषधं, गाडीची दुरुस्ती, हिवाळ्यातलं गॅसचं बिल, सगळं. मग हप्ते थकले. मार्चमध्ये एक माणूस कोर्टाचे कागद दाराला अडकवून गेला. ते न वाचताच मी टॉवेलांच्या कपाटात सारले. वाटलं, गेलेच नाही तर काय करतील? त्यांनी माझ्याशिवाय खटला चालवला आणि कार्डवाली कंपनी जिंकली.

गेल्या शुक्रवारी किराणा दुकानात बँकेचं कार्ड चालेना. मागे रांगेत शाळेतल्या दोन शिक्षिका. अंडी, पाव, कॉफी तिथेच टाकून बाहेर पडले. बँकेतली मुलगी हळूच म्हणाली की कोर्टाच्या हुकमाने खातं गोठवलंय. वर्लिनची अपंगत्वाची पेन्शन मी दर महिन्याला माझ्याच खात्यात वळवून घेते, तीही अडकली. शाळेच्या ऑफिसात माझा पगार कापायचा कागद आलाय, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबरच्या सगळ्यांना कळलंच असणार.

पण खरी धडकी भरली ती कालच्या नोटिशीने. तुमच्याकडे काय काय आहे ते येऊन सांगा, म्हणून सप्टेंबरात कोर्टाने बोलावलं होतं. तेव्हाही मी गेले नाही. आता लिहिलंय की चोवीस तारखेला हजर व्हा आणि गेल्या वेळी का आला नाहीत ते सांगा, नाहीतर वॉरंट निघेल. ताई, मला शाळेतून हातकड्या घालून नेतील का गं? मुलं ताटं घेऊन रांगेत उभी असताना?

लवकर लिही.
तुझी नेल्डा


पड्युका, केंटकी
८ ऑक्टोबर २०१३

चि. नेल्डास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लहानपणी ताप आला की तू थर्मामीटर गादीखाली लपवायचीस आणि तुला वाटायचं की ताप गेला. अठ्ठावन्नाची झालीस, पण तश्शीच आहेस.

आता नीट ऐक. कर्ज फिटलं नाही म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. कोर्टाने बोलावल्यावर गेलं नाही, तर मात्र धरून नेतात. मला कसं ठाऊक म्हणशील. नऊ वर्षांपूर्वी माझ्यावरही असाच निकाल लागला होता. त्या नाताळला गुडघा दुखतोय म्हणून मी तुमच्याकडे आले नव्हते ना? गुडघा ठणठणीत होता. पेट्रोलला पैसे नव्हते आणि सांगायला तोंड नव्हतं. एका तारखेला मी गेले नाही, तर शेरीफचा माणूस मला धरून न्यायला दारात आला. शेजारीण अंगणात पानं गोळा करत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा पानं गोळा करू लागली. दुपारी मला सोडलं, पण त्या बाईशी मी अजून नजर मिळवत नाही.

म्हणून तू जायचंसच. पेन्शनला ते हात लावू शकत नाहीत. पण ती तुझ्या खात्यात आल्यावर बँकेला कसं कळणार की ती पेन्शन आहे? ते तू दाखवायचं. वर्लिनच्या खात्याचे कागद घेऊन जा. पगारातून काहीतरी कापतीलच, पण घर कसं चालतं ते न्यायाधीशांना सांगून कमी करून माग. फुकट सल्ला देणारा वकील आहे का, ते कोर्टाच्या कारकुनाला विचार. आणि कागद हवेत म्हणजे वर्लिनला सांगणं आलंच. ते आजच कर. मी बसने यायला तयार आहे.

धीर सोडू नकोस.
तुझी ताई


रशव्हिल
१४ ऑक्टोबर २०१३

ती. ताईस, सा. न.

सांगितलं. रविवारी जेवण झाल्यावर. सांगता सांगता बशी हातातून निसटली आणि सिंकमध्ये पडून फुटली. वर्लिनने ऑक्सिजनची नळी नाकावर नीट बसवली. मग म्हणाला की गेले सहा महिने त्याला वाटत होतं, माझं बाहेर कुणाशी तरी चाललंय! फोन बंद, टपालपेटीकडे मीच धावते, विचारलं तर अंगावर येते. ताई, माझ्या केसांना कांद्याचा वास येतो, मला कोण विचारतंय? मी हसले, तोही हसला, आणि हसता हसता त्याला इतका खोकला लागला की मी घाबरले. नंतर मात्र तो दुपारभर माझ्याकडे पाठ करून बसला. संध्याकाळी एवढंच म्हणाला की चोवीसला निळा शर्ट इस्त्री करून ठेव, मीही येतो.

फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई आज सकाळी भेटल्या. त्यांनी कागद लावून दिले, पण त्या दिवशी त्या दुसऱ्या गावी आहेत. तू आता दगदग करून येऊ नकोस. भीती मात्र तशीच आहे. 

तुझी नेल्डा


कोर्टाबाहेरचा बाक, रशव्हिल
सोमवार, २८ ऑक्टोबर २०१३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इथे का बसले आहे ते सांगेन, आधी गुरुवारचं ऐक. कारकून एकेक नाव वाचत होता आणि बहुतेक नावांना कुणी उत्तरच देत नव्हतं. माझं नाव आलं तेव्हाही मी बसूनच होते. वर्लिनने कोपराने ढोसलं तेव्हा उभी राहिले. कंपनीच्या वकिलाने मान वर न करता विचारलं, नोकरी कुठे, गाडी कोणती, घर कुणाच्या नावावर, दागिने काय. मी अंगठीचा हात टेबलाखाली घेतला. तो बघतही नव्हता. न्यायाधीशबाईंनी बँकेचे कागद सावकाश पाहिले आणि पेन्शन मोकळी केली. पगाराचा चौथा हिस्सा कापायचा होता, तो दहावा केला. कित्येक वर्षं कापला जाईल, पण घर चालेल. गेल्या वेळी न आल्याबद्दल खडसावलं, आणि सोडलं.

माझ्यानंतर डार्ल ओटिंगरचं नाव पुकारलं. आमच्या शाळेची बस चालवतो तो. तीनदा पुकारलं. बाईंनी कागदावर सही केली. ती सही कसली, ते मला कळलं.

परतताना वर्लिनला म्हटलं, गाडी डार्लच्या घराकडे घे. त्याचा ट्रक गोठ्यामागे लपवलेला. मी दार ठोठावलं, पडदा हलला, पण दार उघडेना. ताई, त्या दारामागे कसं उभं राहतात ते मला माहीत आहे. दाराला तोंड लावून सांगितलं की मी कागद घेऊन आलेली नाही, कॅफेटेरियातली नेल्डा आहे, आणि आज यादीत माझंही नाव होतं.  मग साखळी निघाली. डार्लची दाढी वाढलेली, अंगात बनियन. त्याने एवढंच विचारलं की पोरांसमोर बसमधून उतरवतील का. मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वॉरंट घेऊन माणूस येण्याआधी त्याने आपणहून कोर्टात यावं.

आज सकाळी आठला त्याला घेऊन आले. कारकुनाने त्याला थेट आत पाठवलं. त्याच्या मागोमाग शेरीफचा माणूसही आत गेला आणि दार लागलं. त्याला वीस मिनिटं झाली. मी इथे बाकावर बसून तुला लिहिते आहे, अक्षर बघतेच आहेस. मीच त्याला आणलं, ताई. मी समजावलं म्हणून तो आला. आता आतच ठेवून घेतलं तर त्याच्या बायकोला काय सांगू?

दार उघडलं. डार्ल आला. एकटाच आहे, हात मोकळे, एका हातात नव्या तारखेचा कागद. तिथेच उभा आहे, जिना कुठे आहे तेच त्याला सुचत नाहीये. उठते.

फोनची वायर परत लावली आहे. रात्री कर.
तुझ्या मायेतली,
नेल्डा